भिरंडेल घालून दाढीचा साबण: प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी

ठरलं एकदाचं. दाढीचा साबण घरी करायचा आणि त्यात कोकमाचं तेल, म्हणजे आपलं भिरंडेल, जितकं चालेल तितकं घालायचं.

कारण सांगतो. अंगाच्या साबणाचं काम सोपं असतं, फेस आला, अंगाला लागला, धुतला, संपलं. दाढीच्या फेसाला मात्र गालावर पाच-सात मिनिटं ओलं रहावं लागतं, सुकायचं नाही, खाली बसायचं नाही आणि वरून ब्लेड सरकलं पाहिजे. हे काम मुख्यतः स्टिअरिक आणि पामिटिक अ‍ॅसिडचे साबण करतात. खोबरेलाचा साबण पटकन मोठे बुडबुडे देतो पण ते तितक्याच पटकन फुटतात. विलायतेतले जुने दाढीचे साबण बहुतेक चरबीचे, कारण चरबीत ही दोन्ही अ‍ॅसिडं भरपूर. आमच्या घरात चरबी येणार नाही आणि आणायची गरजही नाही. गाईच्या चरबीत स्टिअरिक विशीच्या आसपास टक्के असतं, कोकमाच्या बीच्या तेलात 55 च्या आसपास. उरलेलं जवळपास सगळं ओलिक, तेही तेलातलंच एक अ‍ॅसिड. म्हणजे दाढीच्या साबणाला हवं ते तेल रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी बनतं आणि आपण ते फक्त टाचांच्या भेगांना लावतो, हे मला फार दिवस खटकत होतं.

बिनचरबीचा साबण आपल्याकडे नवीन नाहीच म्हणा, गोदरेजनी वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण 1918 मध्येच काढला होता.

16 फेब्रुवारी

मावशीकडून वेंगुर्ल्याहून पार्सल आलं. फोनवर तिचा पहिला प्रश्न, ‘भेगांक लावचा त्याल तू साबणात घालतलंस?’ मग दाढीसाठी म्हटल्यावर गप्प झाली आणि दोन गोळे जास्तीचे पाठवले.

भिरंडेल ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात आमसुलं करताना बिया बाजूला निघतात, त्या खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात घालून उकळायचा, तेल वर तरंगतं ते काढून घ्यायचं आणि गार होत आलं की मुठीत दाबून गोळे करायचे. म्हणून मुठेल पण म्हणतात. माझ्याकडच्या गोळ्यांवर बोटांचे ठसे स्पष्ट आहेत, चार बोटांच्या चार खाचा. रंग मळकट पांढरा, किंचित राखाडी, वास धुरकट. 38-40 डिग्रीला वितळतं, त्यामुळे तळहातावर घासलं की हळूहळू चिकट होतं पण लोण्यासारखं वाहत नाही. कंपन्यांचं रिफाइंड कोकम बटर मिळतं, पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं, पण हा साबण मुठेलाचाच करायचा.

वितळवून मलमलच्या कापडातून गाळलं. तळाला काळी कणी बरीच निघाली, वास मात्र तसाच आहे, साबण शिजल्यावर किती उरतो बघू.

23 फेब्रुवारी

आज नुसतं गणित.

एकूण तेलं 500 ग्रॅम धरली. स्टिअरिक अ‍ॅसिड 225, भिरंडेल 150, खोबरेल 100, एरंडेल 25. बाजारात जे ‘ट्रिपल प्रेस्ड’ स्टिअरिक मिळतं त्यात जवळजवळ निम्मं पामिटिक असतं, नाव एक आणि आत दोन, पण आपल्याला दोन्ही हवेत त्यामुळे हरकत नाही. खोबरेल 20 टक्क्यांच्या वर नेलं तर चेहरा ओढल्यासारखा होतो. एरंडेल फेसाला धरून ठेवायला, थोडंसंच.

आता अल्कली, म्हणजे तेलाचा साबण करणारं कॉस्टिक. नुसत्या कॉस्टिक सोड्याचा साबण कडक वडी होतो, ब्रशवर लवकर चढत नाही. नुसत्या पोटॅशचा (म्हणजे कॉस्टिक पोटॅश, पोटॅशियम हायड्रॉक्साइड) मऊ, जवळजवळ पेस्ट. पोटॅशियमचे साबण पाण्यात लवकर विरघळतात म्हणून ओला ब्रश फिरवला की लगेच उचलले जातात. दाढीच्या साबणात दोन्ही घालतात ते यासाठी. मी 60 भाग पोटॅश, 40 भाग सोडा घेतलाय, वजनाने नाही, तेल मुरवायच्या ताकदीने.

हिशोब असा: एक ग्रॅम तेलाला किती पोटॅश लागतं, तर स्टिअरिक 0.208, भिरंडेल 0.190, खोबरेल 0.257, एरंडेल 0.180. सगळं मिळून 105.5 ग्रॅम. त्यातून 5 टक्के कमी करायचे म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि त्वचेला सौम्य पडतं, राहिले 100.2. त्याचे 60 टक्के म्हणजे 60 ग्रॅम शुद्ध पोटॅश. पण बाजारातलं पोटॅश शुद्ध नसतं, हवेतलं पाणी ओढून बसलेलं असतं, माझ्या डब्यावर 90 टक्के लिहिलंय म्हणून 67 ग्रॅम. उरलेल्या 40 टक्क्यांचा सोडा करताना 40 भागिले 56.1 ने (सोडा आणि पोटॅशचे रेणुभार) गुणायचं, ते आलं 28.6, सोडाही अगदी शंभर टक्के नसतो म्हणून 29 ग्रॅम. पाणी 220, डिस्टिल्ड.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी आकडे डोळे झाकून उचलू नका, आपल्या डब्यावरची शुद्धता बघा आणि स्वतः एकदा मांडा. दहा मिनिटांचं काम आहे.

2 मार्च

शिजवला. घरात कोणी नसताना, गॅलरीचं दार उघडं ठेवून, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून. भांडं स्टीलचंच हवं, अ‍ॅल्युमिनियम अजिबात नाही, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सोडतं. आणि कायम पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात लहान पातेलं, सगळी तेलं एकत्र, 75-80 डिग्रीपर्यंत. स्टिअरिक पूर्ण वितळून पारदर्शक झालं की कॉस्टिकचं गरम पाणी बारीक धारेनं. इथे दाढीच्या साबणाची आणि बाकी साबणाची वाट वेगळी होते. साध्या तेलांना साबण व्हायला वेळ लागतो कारण त्यांची अ‍ॅसिडं ग्लिसरीनला बांधलेली असतात, आधी ती सुटावी लागतात. स्टिअरिक अ‍ॅसिड मोकळंच असतं त्यामुळे कॉस्टिक लागल्या क्षणी साबण, डोळ्यासमोर. अर्धी धार पडेपर्यंत पातेल्यात उकडलेला बटाटा कुस्करल्यावर दिसतो तसा गोळा झाला. हँड ब्लेंडरचा इथे उपयोग नाही, जाड लाकडी उलथनं आणि मनगटाचा जोर. हे असं दिसणारच आहे हे माहीत असलं म्हणजे माणूस घाबरत नाही, झाकण ठेवून मंद आचेवर दर दहा मिनिटांनी ढवळत रहायचं.

पाऊण तासानं कडा अर्धपारदर्शक, मेणचट दिसायला लागल्या आणि उलथन्याला धरून तार निघायला लागली. आणखी वीस मिनिटं ठेवला. गॅस बंद करून 40 ग्रॅम ग्लिसरीन, चांगलं मुरवलं, मग चमच्यानं दाबून स्टीलच्या वाट्यांत भरला. ओतता येत नाही, भरावाच लागतो, कोपऱ्यात हवा रहायला नको म्हणून वाटी ओट्यावर आपटत आपटत.

भिरंडेलाचा धुरकट वास अगदी थोडा उरलाय. सुगंध घातलेला नाही आणि पहिल्या काही बॅचना घालणारही नाही, वास चांगला असला की फेस चांगला वाटायला लागतो.

9 मार्च

मोकळं कॉस्टिक राहिलंय का ते बघितलं. साबण करणारे जिभेचं टोक लावून बघतात, झटका बसला तर कच्चा. तसं केलं, काही नाही. पण खात्रीसाठी मित्राकडून फिनॉल्फ्थेलिन आणलं, तो शाळेच्या लॅबमध्ये आहे. ते पाण्यात बघायचं नसतं, साबण पाण्यात विरघळला की पीएच 9-10 होतोच, चांगला साबणही गुलाबी दिसतो. स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात थेंब टाकायचा. गुलाबी झालं तर मोकळं अल्कली आहे, नाही झालं तर पास. आमचं पांढरट गढूळच राहिलं. पास.

10 मार्च

पहिली दाढी. अंघोळीनंतर लगेच, कारण दाढीचा केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की मऊ पडतो, कोरडा केस कापायला किती तरी जास्त जोर लागतो. ब्रश भिजवून झटकला, वाटीवर अर्धा मिनिट गोल फिरवला, मग चेहऱ्यावर. फेस दाट, पांढरा, बुडबुडे डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. पहिला हात केसांच्या दिशेनं, दुसरा आडवा, गळ्याला उलटा नाही. रेझर साधा, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडचा, जोर न देता साधारण 30 अंशात.

विशेष वाटलं ते हे की दाढी झाल्यावर, धुतल्यावर, तुरटी फिरवायच्या आधी गाल हाताला मऊ लागत होता. हे त्या ओलिकचं असावं असा अंदाज आहे, पुढच्या बॅचला कळेल.

30 मार्च

दोन बॅच अजून केल्या, मुद्दाम दोन टोकांच्या. एकीत भिरंडेल शून्य, स्टिअरिक 75 टक्के. दुसरीत भिरंडेल 55, स्टिअरिक 20. खोबरेल-एरंडेल दोन्हीत तेवढंच.

नुसत्या स्टिअरिकवाल्याचा फेस सगळ्यात जाड, खड्डा केला तर खड्डा राहतो. पण पाणी सारखं मागतो, आणि दाढीनंतर चेहरा कोरडा. भिरंडेल 55 वाल्यात उलट, ब्लेड मस्त सरकतं, नंतर त्वचा छान, पण फेस पातळ आणि किंचित बुळबुळीत, दुसऱ्या हातापर्यंत निम्मा विरलेला. गणितही तेच सांगतं. 55 टक्के भिरंडेल म्हणजे त्यातून आलेलं ओलिकच 22 टक्के आणि स्टिअरिक-पामिटिक सगळं मिळून 52 च्या आसपास. 30 टक्केवाल्या बॅचमध्ये तेच 62-63 होतं. म्हणजे निव्वळ भिरंडेलाचा दाढीचा साबण होणार नाही, त्याला स्टिअरिकची जोड लागणारच, आणि 30 टक्क्यांना दोन्हीचा मेळ बसतो. मला निव्वळ कोकमाचा हवा होता पण गालाला जे कळतंय ते मानायला पाहिजे.

6 एप्रिल

रविवारी तिन्ही वाट्या घेऊन सलूनवाल्या काकांकडे गेलो. कॉलेजपासून त्यांच्याकडेच जातो. त्यांचे वडील धोकटी घेऊन घरोघरी जायचे, वस्तरा चामड्यावर परजायचे. काका आता दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड, मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतात.

त्यांनी काय केलं तर तिन्ही साबण माझ्याच चेहऱ्यावर लावले, डाव्या गालावर एक, उजव्या गालावर एक, हनुवटीवर तिसरा, आणि वरचा पंखा पाचवर केला. मग निवांत ब्लेड मोडलं, बसवलं, एका गिऱ्हाइकाचा फोन घेतला, चहावाल्याला हिशोब दिला. मी आरशात बघत बसलो. हनुवटीवरचा, म्हणजे भिरंडेल 55 चा, सगळ्यात आधी बसला, त्यातून कातडी दिसायला लागली. उजव्या गालावरचा नुसत्या स्टिअरिकचा तसाच उभा, पण वरून पापुद्रा धरला, काकांनी बोट लावलं तर वरचा थर कोरडा. डावा गाल, म्हणजे 30 टक्केवाला, ओला.

‘दुकानात फेस लावून माणसाला थांबावं लागतं रे,’ काका म्हणाले, ‘पंख्याखाली ज्याला पाणी धरता येत नाही तो कितीही फुगू दे, मला उपयोग नाही.’ मग दोन बोटांत डाव्या गालावरचा फेस घेऊन चोळून बघितला, म्हणाले अजून जरा पाणी पितोय हा, आणि ब्रशचं फक्त टोक बुडवून परत फिरवला. फेस पांढऱ्या मॅटचा एकदम चकचकीत झाला. मी घरी ज्याला पुरे म्हणत होतो त्याच्या पुढे अजून एक पायरी असते. ती चकाकी आली की वस्तरा चालवायचा.

पंख्याची टेस्ट आता कायमची. घरीही.

20 एप्रिल

सोसायटीत टँकर सुरू झालेत आणि साबण बदललाय. साबण तोच, वाटी तीच, ब्रश तोच. फेस चढतो, दिसतो, पण मिनिटभरात भुसभुशीत होतो आणि ब्लेड अडकतं. बेसिनच्या कडेला राखाडी कण.

हे जड पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते साबणाला धरतं आणि न विरघळणारा कॅल्शियम स्टिअरेट बनतो. ज्या स्टिअरिकसाठी एवढा खटाटोप केला तेच आधी जातं. मत्स्यालयाच्या दुकानातून हार्डनेसच्या पट्ट्या आणल्या. टीडीएस मीटर यासाठी चालत नाही, ते पाण्यातलं सगळंच विरघळलेलं मोजतं, त्यातलं जड किती ते सांगत नाही. पट्टीवर टँकरचं पाणी 400 च्या खाली नाही, मनपाचं पाणी अगदी खालच्या रंगावर.

मी बसून हिशोब केला. लिटरला 400 मिलिग्रॅम कठीणपणा धरला तर एक लिटर पाणी साधारण अडीच ग्रॅम साबण खाणार. एका दाढीला ब्रशमधून जातं तीसेक मिलि. पाणी, म्हणजे 0.07 ग्रॅम साबण वाया. वाटी दाढीच्या आधी आणि नंतर सुकवून काट्यावर ठेवली तर एका दाढीला दीड ग्रॅमच्या आसपास साबण जातो. म्हणजे नुकसान फक्त पाच टक्के! मग एवढा फरक का? तर गोष्ट वाया गेलेल्या साबणाची नाहीये, जे कण तयार होतात त्यांची आहे. कॅल्शियमच्या साबणाचे हे कण पाणी झिडकारतात आणि बुडबुड्याच्या पापुद्र्यात अडकून तो फोडतात. कारखान्यांत फेस मारायला असले कण मुद्दाम वापरतात. थोडेसेच पुरतात.

साबण आणि पाण्याचं हे नातं इतकं पक्कं आहे की एकोणिसाव्या शतकात अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्कनं पाण्याचा कठीणपणा मोजायची पद्धतच साबणावर बसवली. मापलेलं साबणाचं द्रावण पाण्यात थोडं थोडं घालायचं, हलवायचं, फेस टिकायला लागेपर्यंत किती लागलं ते बघायचं. आपण रोज सकाळी आरशासमोर तेच करत असतो.

करून पाहिलं: टँकरचं पाणी उकळून, निवळून घेतलं तर बरंच सुधारतं, कारण कठीणपणाचा एक भाग उकळल्यावर तळाला बसतो, गिझरमध्ये जो पांढरा थर जमतो तोच. पिण्याच्या आरओच्या पाण्यानं एकदम पहिल्यासारखा फेस. आणि ब्रश वाटीवर दुप्पट वेळ फिरवला तरी जमतं. पण रोज दाढीसाठी पाणी उकळत कोण बसणार, हे साबणातच सोडवायला पाहिजे.

4 मे

लिंबूसत्व घातलेली बॅच. वाण्याकडचं साधं सायट्रिक अ‍ॅसिड, 10 ग्रॅम. ते कॉस्टिक खातं म्हणून त्याच्या वाटणीचं पोटॅश वेगळं वाढवावं लागतं, 10 ग्रॅमला शुद्ध 8, माझ्या डब्यातलं 9. आधी पाण्यात लिंबूसत्व विरघळवलं, मग सावकाश पोटॅश, फसफसत नाही पण चांगलंच तापतं. तयार होतं पोटॅशियम सायट्रेट आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं, साबणापर्यंत पोचू देत नाही. कागदावर बघितलं तर दीड ग्रॅम साबणातलं सायट्रेट तीस मिलि. टँकरच्या पाण्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त कॅल्शियमला पुरतं. बाकी सगळं 30 टक्के भिरंडेलवालंच.

18 मे

टँकरचं पाणी, पंखा पाचवर, एका गालावर जुना 30 टक्के, दुसऱ्यावर सायट्रेटवाला. जुना चार मिनिटांत भुसा. सायट्रेटवाला सहाव्या मिनिटाला ओला, बोटांत चोळला तर सरकतोय. आरओच्या पाण्याइतका नाही, पण उलटा हात गळ्यावर मारता आला आणि नंतर तुरटी फिरवली तर कुठेच झोंबली नाही. तुरटीचं हे आवडतं मला, कुठे जोर जास्त दिला ते लगेच सांगते.

काकांना एक वाटी दिली. त्यांच्या दुकानातही टँकरच.

13 जुलै

काकांनी सांगितलं साबण गिऱ्हाइकांना चालतोय पण वाटी रोज घाम धरते. माझ्याकडेही झाकणाच्या आत थेंब आहेत आणि वरचा थर लोण्यासारखा मऊ. पोटॅशियमचा साबण आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतलं पाणी ओढतात, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत हे दिसलंच नाही. खराब होत नाही, फेसही तसाच, पण दुकानात दिवसभर उघडी राहणारी वाटी गिळगिळीत झाली तर ब्रशवर नको इतका साबण चढतो.

पुढची बॅच पावसाळ्याची म्हणून वेगळी: सोडा-पोटॅश निम्मे-निम्मे, ग्लिसरीन 40 वरून 15. तेलांसाठी शुद्ध पोटॅश 50.1, सोडा 35.7, लिंबूसत्वाचं पोटॅश वेगळं. भिरंडेल एवढ्या एका बॅचपुरतं उरलंय, नवीन बिया मावशीकडे वाळून पडल्यात, पाऊस उघडला की कुटतील. शनिवारी शिजवतो.